उभे राहण्याची जागा : मुद्राचित्र आणि अवकाशाचा नैतिक प्रश्न

वास्तू जागची हलत नाही. मुद्राचित्र मात्र जागा सोडण्यासाठीच जन्माला येते. एका पत्र्यावरून वा लाकडाच्या एका फळीवरून निघालेल्या पंचवीस, पन्नास किंवा शंभर प्रती निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या भिंतींवर आणि संग्रहालयांच्या खणांत जाऊन पडतात, आणि त्यांपैकी कोणतीही एक प्रत दुसरीपेक्षा अधिक 'खरी' नसते. वास्तूविषयी असे म्हणता येत नाही. ती एकच असते, तिच्यापाशी जावे लागते, तिच्यात शिरावे, वळावे, चढावे-उतरावे लागते. वॉल्टर बेन्यामिनने 1936 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कलाकृतीच्या यांत्रिक प्रतिकृतीचा विचार केला, आणि त्याच निबंधात वास्तूचा अनुभव डोळ्यांइतकाच स्पर्शाने आणि सवयीने घेतला जातो असेही प्रतिपादन केले. परंतु मुद्राचित्राचा उल्लेख तो इतिहासक्रमापुरताच करतो. ज्या कलाप्रकारात वास्तू हाच प्रतिकृतीचा विषय होतो, म्हणजे जो अनुभव सवयीने आणि शरीराने घ्यायचा तोच कागदावर दाबून अनेकांच्या हाती दिला जातो, त्या कलाप्रकाराचे स्वरूप काय, हा प्रश्न तेथे अस्पर्शित राहतो.

तो केवळ तंत्राचा प्रश्न नाही. अवकाशाचे कोणतेही चित्र पाहणाऱ्याला कोठेतरी उभे करते. यथादर्शनाच्या नियमांनी काढलेल्या चित्रात तर ही जागा भूमितीने निश्चित केलेली असते. सर्व रेषा ज्या बिंदूकडे धावतात त्याच्या समोर, ठरावीक उंचीवर, ठरावीक अंतरावर एक डोळा गृहीत धरलेला असतो. हा डोळा कोणाचा? ज्या जागेत इतर कोणी राहिले, कोंडले गेले किंवा जेथून हाकलले गेले, त्या जागेचे चित्र काढताना पाहणाऱ्याला कोठे उभे करावे, आणि मुळात उभे करावे का? चित्राचे सौंदर्य आणि त्याचे नैतिक वर्तन ही ज्या एका ठिकाणी परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत ते ठिकाण हेच असावे. त्याचा शोध घेण्यासाठी दोन मुद्राचित्रकारांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. एक अठराव्या शतकातील जोव्हान्नी बातिस्ता पिरानेसी. दुसऱ्या अलीगढला जन्मलेल्या, न्यू यॉर्कमध्ये अनेक वर्षे राहिलेल्या आणि 2020 मध्ये लंडनला निधन पावलेल्या झरीना हाश्मी. दोघांमध्ये सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे आणि प्रभावाचा धागा जोडण्याचे काही कारण नाही. दोघांनाही वास्तुकलेची ओढ होती आणि दोघांचेही आयुष्य इमारती बांधण्यात नव्हे, तर पत्र्यावर आणि फळीवर गेले, एवढेच साम्य येथे पुरेसे आहे.

पिरानेसी (1720–1778) व्हेनिसच्या परिसरातला. चित्रांवर सही करताना तो स्वतःला 'व्हेनिसचा वास्तुशिल्पी' म्हणवीत असे. प्रत्यक्षात त्याच्या हातून पूर्ण झालेले वास्तुकार्य म्हणजे रोममधील सांता मारिया देल प्रियोरातो हे छोटे चर्च आणि त्याचे प्रांगण, तेही 1764 ते 1766 या काळातले. उरलेले सर्व बांधकाम त्याने तांब्याच्या पत्र्यावर केले. रोमच्या दृश्यांची त्याची मालिका शंभराहून अधिक पत्र्यांची आहे, आणि तिचे ग्राहक मुख्यतः युरोपचा ज्ञानप्रवास करायला निघालेले उत्तरेकडील श्रीमंत तरुण होते. रोम पाहून झाल्यावर ते रोम बरोबर घेऊन जात. या दृश्यांत पाहणाऱ्याची जागा अतिशय सन्मानाची आहे. त्याला जरा खालून, जरा कोपऱ्यातून उभे केले जाते, म्हणजे कमानी उंचावतात, भिंती पुढे झुकतात, आणि अवशेषांवर चढलेली माणसे मुंग्यांएवढी होतात. प्रत्यक्ष रोमला 1786 मध्ये पोचलेल्या गोएटेने आपल्या प्रवासवृत्तात कॅराकाल्लाच्या स्नानगृहांच्या संदर्भात जी निराशा नोंदवली आहे ती या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पिरानेसीच्या चित्रांनी जे दिले होते ते दगडांना देता आले नाही. प्रतिकृती मूळ वास्तूहून मोठी झाली होती, कारण प्रतिकृतीत पाहणाऱ्यालाही मोठे केले गेले होते. अवशेष पाहणारा हा डोळा मालकाचा आहे. ज्यांनी त्या इमारती उभारल्या, ज्यांनी त्यांत स्नाने केली, ज्यांची गुरे पुढे त्या पडक्या भिंतींत चरली, त्यांपैकी कोणाचाच तो नाही.

याच पिरानेसीने 'कार्चेरी' म्हणजे कल्पित तुरुंगांची चित्रे काढली हे विसरून चालणार नाही, कारण तेथे या मालकाची जागाच ढळते. ही मालिका प्रथम 1750 च्या सुमारास चौदा पत्र्यांची म्हणून निघाली. 1761 मध्ये पिरानेसीने तेच पत्रे पुन्हा हाती घेतले, त्यांवर नव्याने काम केले, दोन नवे पत्रे जोडले आणि सोळा चित्रांची दुसरी आवृत्ती स्वतः प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीतील रेषा मोकळी, चपळ, जवळजवळ रेखाटनासारखी आहे. खूप कागद पांढरा राहिला आहे. दुसरीत त्याच रेषांवर रेषांची जाळी चढली, पूल आणि जिने वाढले, साखळदंड, चाके, खुंट्या आल्या, आणि काही ठिकाणी रोमन न्यायव्यवस्थेचे स्मरण देणारी लॅटिन अक्षरेही दगडांवर कोरली गेली.

येथे अम्लरेखनाची प्रक्रिया लक्षात घेतली पाहिजे, कारण ती नुसती साधन म्हणून राहत नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर देतात, सुईने तो थर खरवडून चित्र काढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. जेथे धातू उघडा पडला असेल तेथे आम्ल त्याला खाते. जितका वेळ अधिक तितका चर खोल, तितकी शाई अधिक, तितकी रेषा काळी. म्हणजे चित्रातला काळोख हा अक्षरशः मोजलेल्या वेळाचा परिणाम असतो. मराठीत 'अवकाश' हा शब्द मोकळ्या जागेसाठी वापरतात आणि 'अजून अवकाश आहे' असे म्हणताना तोच शब्द वेळेसाठीही येतो. अम्लरेखन करणाऱ्याला हा श्लेष शिकवावा लागत नाही. शिवाय पत्र्यावर एकदा पडलेला चर सहजासहजी जात नाही. घासून, घोटून तो फिका करता येतो, पण त्याची खूण बहुधा राहते. म्हणून दुसऱ्या आवृत्तीतला तुरुंग पहिल्या तुरुंगाच्या जागी आलेला नाही. तो त्याच्या आत, त्याच्या वर बांधला गेला आहे. तरुण पिरानेसीच्या मोकळ्या रेषा चाळिशीच्या पिरानेसीच्या गजांमागे अडकलेल्या दिसतात.

आणि या तुरुंगांना कोठड्या नाहीत. दारे आहेत, जिने आहेत, झरोके आहेत, परंतु 'आत' कोठे संपते आणि 'बाहेर' कोठे सुरू होते ते ठरवता येत नाही. काही ठिकाणी यथादर्शनाचे नियम परस्परांशी जुळत नाहीत. जो खांब पुढे आहे असे वाटते त्यावर टेकलेला पूल मागे निघून जातो. पाहणाऱ्याला उभे तर केले आहे, पण ज्या फरशीवर उभे केले तिचा भरवसा नाही. टॉमस डी क्विन्सीने 1821 च्या आपल्या 'अफूबाजाच्या कबुलीजबाबात' या चित्रांचे जे वर्णन केले ते त्याने चित्रे न पाहता, कोलरिजच्या तोंडून ऐकून केले. जिना चढणारा, पुढे पायऱ्या संपलेल्या, आणि तरीही वरच्या दुसऱ्या जिन्यावर पुन्हा चढताना दिसणारा माणूस त्या वर्णनात खुद्द पिरानेसी आहे. असे चित्र मालिकेत जसेच्या तसे सापडत नाही. तरीही ते वर्णन खोटे म्हणवत नाही, कारण 'कार्चेरी'त पाहणाऱ्याची जी गत होते ती त्याने अचूक पकडली आहे.

मग प्रश्न असा की तुरुंग सुंदर करणे हे नैतिक दृष्ट्या काय आहे? मराठी सौंदर्यविचारात हा प्रश्न बऱ्याचदा चुकीच्या दारातून आत येतो. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताच्या दृष्टीने पाहिले तर काळ्या-पांढऱ्याचा संवाद, विरोध आणि समतोल यांपलीकडे विचारण्यासारखे काही उरत नाही. साखळदंड ही एक वक्र रेषा आहे आणि तिने समोरच्या उभ्या खांबाचा तोल साधला की तिचे काम झाले. उलट लौकिकतावादी भूमिकेतून पाहिले तर चित्रात यातना दिसतात की नाही, आणि चित्रकाराची सहानुभूती कोणाकडे आहे, हे विचारले जाते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त या दोन दृष्टींमधील ताण मिटवण्याऐवजी तो कायम ठेवूनच विचार केला, ही त्यांच्या ग्रंथाची मोठी कामगिरी आहे. परंतु 'कार्चेरी'पुढे दोन्ही प्रश्न अपुरे पडतात. या चित्रांत यातना भोगणारी माणसे इतकी लहान आहेत की त्यांच्याविषयी सहानुभूती वाटण्याइतका चेहराच त्यांना नाही. पिरानेसीची नैतिकता, ती असलीच तर, चेहऱ्यांत शोधण्यात अर्थ नाही. ज्या प्रेक्षकाला रोमच्या दृश्यांत मालकाची जागा दिली होती, त्याच्याकडून ती काढून घेण्यात ती आहे. तो कैदी होत नाही. कैद्याचे दुःख आपण जाणले असे मानण्याचा सोपा मार्गही त्याला मिळत नाही. आपण कोठे उभे आहोत हे सांगता न येणारा एक पाहुणा, एवढीच त्याची ओळख उरते. सहानुभूतीपेक्षा ही स्थिती अधिक प्रामाणिक आहे.

दुसरी आवृत्ती निघाल्यानंतर तीस वर्षांनी, 1791 मध्ये, जेरेमी बेंथॅमच्या 'पॅनॉप्टिकॉन'ची योजना प्रसिद्ध झाली. तिचे यश तलनकाशात होते, म्हणजे जमिनीच्या पातळीवर आडवा छेद घेऊन वरून काढलेल्या आकृतीत. वर्तुळ, परिघावर कोठड्या, मध्यभागी पहाऱ्याची जागा. मिशेल फूकोने 1975 मध्ये या आकृतीचे जे विवेचन केले ते आता इतके परिचित आहे की त्याची उजळणी नको. येथे त्यातून एवढेच घ्यायचे की आधुनिक तुरुंगाची कल्पना यथादर्शनातून आली नाही. ज्या चित्रप्रकारात पाहणारा कोठेच उभा नसतो, त्या तलनकाशातून ती आली. तलनकाशात पाहणाऱ्याची जागा नाही म्हणून तो निष्पाप, हे समीकरण त्यामुळे करता येत नाही. जो कोठेच नाही तो कदाचित सर्वत्र असतो.

झरीना हाश्मी यांची मुद्राचित्रे या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजेत, कारण त्यांनी नेमका हा संशयास्पद चित्रप्रकार निवडला. 1937 मध्ये अलीगढला जन्म, वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, त्याच विद्यापीठातून गणिताची पदवी, विवाहानंतर राजनैतिक सेवेतील पतीबरोबर देशोदेशी वास्तव्य, 1960 च्या दशकात पॅरिसला हेटर यांच्या 'आतलिए 17' या कार्यशाळेत अम्लरेखनाचे आणि 1974 मध्ये टोकियोत लाकडी ठशांचे शिक्षण. कुटुंब पुढे कराचीला गेले. त्या स्वतः अखेरपर्यंत भारतीय म्हणवून घेत राहिल्या. समीक्षेत त्यांना 'मिनिमलिस्ट' या सदरात टाकण्याची प्रथा आहे. कागदावर चार काळ्या रेषा आणि भरपूर मोकळी जागा दिसली की हे लेबल सुचते खरे. परंतु अमेरिकेतल्या त्या संप्रदायाचा आग्रह वस्तूने स्वतःखेरीज कशाकडेही निर्देश करू नये असा होता. झरीना यांची रेषा सतत निर्देश करते. ती एका विशिष्ट घराच्या एका विशिष्ट भिंतीची असते.

'पित्याचे घर, 1898–1994' हे 1994 मधील अम्लरेखन घ्यावे. अलीगढमधील बालपणीच्या घराचा हा तलनकाशा आहे. खोल्या, अंगण, भिंतींमधील तुटी म्हणजे दारे. आणि जागोजाग उर्दूत लिहिलेली नावे. शीर्षकातील दोन साले, माणसाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे लिहावीत तशी, घराच्या नावापुढे लिहिली आहेत. चित्रात काहीही 'दिसत' नाही. भिंतीचा रंग नाही, छताची उंची नाही, उजेड कोणत्या बाजूने येत होता ते नाही, माणूस नाही. गास्तों बाशलारने 1957 मधील 'अवकाशाचे काव्यशास्त्र' या ग्रंथात घराची जी आल्हाददायक अंगे वर्णिली, माळा, कोपरे, कपाटे, त्यांपैकी काहीच येथे आढळत नाही. बाशलारचे घर हे आठवण सुखरूप ठेवणारे घर आहे, आणि त्याच्या विवेचनाला असलेली मर्यादाही तीच. आठवण करणारा मनाने केव्हाही तेथे परत जाऊ शकतो हे त्याने धरून चालले आहे. ज्याला परत जाता येत नाही त्याची आठवण कशी चालते हा प्रश्न त्याच्यापुढे आला नाही.

ती कशी चालते हे या चित्रात दिसते. हरवलेल्या घराची आठवण प्रथम दृश्यरूपाने येते हा समज साहित्याने रूढ केलेला आहे. प्रत्यक्षात जे दीर्घकाळ टिकते ते बहुधा क्रमाचे ज्ञान असते: या खोलीतून त्या खोलीत, तेथून अंगणात, डावीकडे वळले की अमुक. हे शरीराचे ज्ञान आहे, आणि त्याला सर्वात जवळचे चित्ररूप विचित्रपणे तलनकाशाचे आहे. जी आकृती मोजणीदाराला आणि तुरुंगाच्या अधीक्षकाला सोयीची, तीच अंधारात घरभर वावरलेल्या मुलीच्या पायांनाही ठाऊक असते. फरक नावांचा आहे. मोजणीदाराच्या नकाशात खोलीला क्रमांक असतो, येथे नाव आहे, आणि ते हस्ताक्षरात आहे.

न्याय-वैशेषिकांनी 'दिक्' आणि 'आकाश' ही दोन निराळी द्रव्ये मानली हे येथे आठवावे. दिक् म्हणजे येथे-तेथे, जवळ-दूर, पूर्व-पश्चिम या प्रतीतींचे कारण. आकाश म्हणजे शब्द या गुणाचे अधिष्ठान. आधुनिक वाचकाला हे विभाजन पुष्कळदा अनावश्यक वाटते. परंतु यथादर्शनाचे चित्र आणि झरीना यांचा तलनकाशा शेजारी ठेवले तर त्याची उपयुक्तता ध्यानात येते. पिरानेसीचा अवकाश सगळा दिक् आहे. तेथे जवळ आणि दूर यांखेरीज दुसरे काही घडतच नाही. झरीना यांच्या कागदावर जवळ-दूर जवळजवळ पुसले गेले आहे, आणि खोली खोली होते ती तिच्यात एक शब्द ठेवला आहे म्हणून. त्या अवकाशाला पाहणारा लागत नाही, हाक मारणारा लागतो. या दोन चित्रकारांमधील खरा भेद येथे आहे. रेषा दाट की विरळ, हा त्या मानाने वरवरचा.

वेदान्त्यांचा घटाकाश-मठाकाशाचा दृष्टान्त मात्र येथे उपयोगी पडत नाही, आणि का पडत नाही ते सांगितले पाहिजे. घट फुटला तरी घटातले आकाश नष्ट होत नाही, भिंत ही केवळ उपाधी आहे, हा दृष्टान्त ज्ञानेश्वरीपासून कीर्तनापर्यंत मराठी मनाला जन्मापासून ओळखीचा. आत्म्याच्या संदर्भात त्याचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु ज्याचे घर गेले त्याला तो ऐकवणे म्हणजे अनुभवाची कोटी बदलणे होय. मठाकाश महाकाशात मिळाले हे खरे. मठात राहणारा कोठे गेला? घर हे अमर्याद अवकाशाचा तात्पुरता घेरलेला तुकडा नसते, घेरणे हाच त्याचा अर्थ असतो. 1997 मध्ये झरीना यांनी आपण आयुष्यात केलेल्या घरांचे तलनकाशे नऊ अम्लरेखनांत मांडले, बँकॉकपासून न्यू यॉर्कपर्यंतचे. ते क्रमाने पाहताना मोकळ्या कागदापेक्षा त्याला घेरणाऱ्या रेषाच आशयाचा भार वाहतात हे स्पष्ट होते.

तरीही तलनकाशाविषयीचा संशय फिटलेला नाही, आणि तो फिटल्यासारखे त्यांनीही दाखवले नाही. सीरिल रॅडक्लिफ 8 जुलै 1947 रोजी भारतात आले. तत्पूर्वी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. त्यांच्या हाती नकाशे, जनगणनेचे आकडे आणि सुमारे पाच आठवडे होते. त्यांनी आखलेली सीमा 17 ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाली. झरीना तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. कोठेच उभे न राहता वरून आखलेल्या रेषेने काय केले याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. 2001 मध्ये झरीना यांनी 'विभाजनरेषा' हे काष्ठचित्र केले. कागदावर फक्त ती पश्चिमेची सीमारेषा आहे, वळणे घेत, कागद चिरत गेलेली.

प्रक्रियेचा अर्थ येथे पुन्हा निर्णायक ठरतो. अम्लरेखनात रेषा म्हणजे धातूत खणलेला चर; शाई त्या चरात राहते. काष्ठचित्रात उलट आहे. फळीवर जे कोरून काढले ते कागदावर पांढरे उरते, आणि जे न कोरता ठेवले तेच शाई घेते. म्हणजे ही सीमा काढण्यासाठी हाताने रेषा ओढलेली नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंची जमीन कोरणीने थोडीथोडी काढून टाकावी लागली, आणि उरली ती सीमा. कागदाच्या रित्या भागात कोरणीचे तुरळक चरे अजून उमटलेले दिसतात. रॅडक्लिफ यांची रेषा पेन्सिलीच्या एका ओढीची असू शकते. तीच रेषा फळीवर आणायची तर दोन्ही बाजूंचा प्रत्येक तसू हाताखालून जातो. चित्राने सीमेचा निषेध केलेला नाही, शोकगीतही गायिलेले नाही. सीमा म्हणजे काय काय नाहीसे होऊन उरलेली गोष्ट, हे मात्र माध्यमाच्या नियमानेच सांगितले गेले आहे. घराच्या भिंती धातूत खणून काढल्या आणि देशाची सीमा लाकूड खरवडून उरवली, ही निवड जाणीवपूर्वक होती की नाही हे गौण आहे. चित्रे शेजारी ठेवली की ती वाचता येते.

2003 मधील नऊ काष्ठचित्रांच्या मालिकेत हा प्रश्न सर्वात अवघड होतो. एड्रिएन रिच यांनी गालिबवरून केलेल्या रचनेतून शीर्षक घेतलेल्या या मालिकेत ग्रोझ्नी, सारायेव्हो, स्रेब्रेनित्सा, बैरूत, जेनिन, बगदाद, काबूल, अहमदाबाद आणि न्यू यॉर्क ही शहरे आहेत. बहुतेक वरून दिसणाऱ्या रस्त्यांच्या आणि नद्यांच्या जाळ्याच्या रूपात. हा दृष्टिकोन बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाचा आहे, हा आक्षेप सहज सुचतो आणि तो खोटा नाही. अलीगढच्या घरात नावे होती, चालण्याचा क्रम होता. ज्या शहरांत चित्रकर्ती राहिली नाही त्यांच्या बाबतीत हे दोन्ही आधार नाहीत. प्रत्येक शहराचे नाव उर्दूत लिहिल्याने काही अंतर तुटते, पण पुरते नाही. ही मालिका 'पित्याच्या घरा'इतकी नैतिक दृष्ट्या निर्वेध नाही. पण पर्याय कोणता होता याचा विचार केला म्हणजे तिचे मोल कळते. यथादर्शनाने काढलेले उद्ध्वस्त शहर पाहणाऱ्याला पुन्हा अवशेषांपुढे, पिरानेसीच्या ग्राहकाच्या जागी उभे करते. छायाचित्र त्याला ढिगाऱ्याच्या मधोमध नेते आणि क्षणात परतही आणते. दूर असणाऱ्याने आपले दूरपण लपवू नये, हा संयम या नऊ चित्रांत आहे. त्याची किंमत म्हणून वैमानिकाशी असलेले दृष्टीचे साम्यही ती पत्करतात.

राहता राहिला प्रश्न मराठी प्रेक्षकाचा. तो या चित्रांपुढे कोठे उभा असतो? 'घर ही परकी जागा' या 1999 च्या छत्तीस काष्ठचित्रांच्या मालिकेत प्रत्येक कागदावर एक आकृती आहे आणि एक उर्दू शब्द: घर, उंबरठा, दार, अंगण, सीमा, अंतर, भाषा अशा अर्थांचा. मालिकेच्या पंचवीस प्रती निघाल्या आणि त्या आता जगातल्या निरनिराळ्या संग्रहांत आहेत. शब्द नस्तालिक वळणाचे आहेत. ती लिपी न येणाऱ्याला ते आकृतीशेजारची आणखी एक आकृती म्हणून दिसतात, आणि तो भिंतीबाहेर राहतो. कोणी ते मोठ्याने वाचून दाखवले तर मात्र स्थिती बदलते. उर्दूतला दरवाजा मराठीतही दरवाजाच आहे. चौखटीची चौकट झाली, दीवारची दिवाल. दालन आणि दिवाणखाना यांवाचून जुन्या वाड्याचे वर्णनच करता येत नाही. आणि मालिकेचा पहिला शब्द 'घर' दोन्ही भाषांत एकच आहे. डोळ्यांना जे परके ते कानाला ओळखीचे. शब्द ऐकणारा त्या घरात दारापर्यंत, कदाचित अंगणापर्यंत येऊ शकतो. त्याला बसायला जागा कोठे आहे, हे आकृतीत दाखवलेले नाही.